लागणं

डॉक्टर आसावरीबाई शब्द शोधत होत्या. तोवर त्यांनी सगळं मराठीत नीट निभावलं होतं. ताण आला की रक्तात कॉर्टिसॉल उतरतं, त्याच्यामुळे साखर वर येते, दाब वर चढतो, आणि ताण फार दिवस राहिला तर पोटावर चरबी येऊन बसते. पुढे मात्र त्या अडखळल्या. "नुसतं रक्तात हिंडून काही होत नाही हो. पेशीत त्याच्यासाठी एक जागा असते, रिसेप्टर. तिथं ते जाऊन..." त्यांनी हवेतच एका बोटाला दुसरं बोट जुळवलं. "बसतं. चिकटतं. काय म्हणावं? लागतं. तिथं जाऊन ते लागतं. आणि समृद्धी, तुमच्या त्या जागेच्या जनुकात एक अक्षर वेगळं आहे, म्हणून तुम्हाला ते जरा जास्त लागतं."

समृद्धीनं मान हलवली. खिडकीतून तलावपाळीचा एक कोपरा दिसत होता आणि हंसाच्या आकाराची एक होडी कुणीही न बसलेली तशीच काठाला डुलत होती. ती होडीकडे बघत राहिली. आत काही हललं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, पण हललं काहीच नाही. तिला फक्त कळलं की तो शब्द पुन्हा आला. मानपाड्याच्या माहेरघरातून, आईच्या बाराव्याच्या दिवशी आत्याच्या तोंडातून निघालेला तो शब्द सहा वर्षं चालत चालत इथवर आला, आणि पांढरा कोट घालून समोरच्या खुर्चीत बसला.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं?" तिनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आल्यासारखा वाटला. ती ठाण्याच्या कोर्टात लघुलेखिका होती. माणसं पिंजऱ्यात उभी राहून बोलतात तेव्हा त्यांचा आवाज असाच येतो, जरा लांबून, आपला नसल्यासारखा.

"चुकण्याचा प्रश्नच नाही," बाई म्हणाल्या. "मागे ती झोपताना घ्यायची बारकी गोळी दिली होती ना? तेवढ्या गोळीनं इतरांचं कॉर्टिसॉल थोडं उतरतं. तुमचं पार तळाला गेलं. म्हणजे तुमच्या पेशींना कमी आवाजातही मोठं ऐकू येतं. तरी एक सांगते, काही अभ्यासांत असा बदल असलेल्यांचं वजन आणि दाब जास्त दिसतो, काहींत काहीच दिसत नाही. हे काही नशीब नव्हे. एक बाजू आहे फक्त."

"हे आईकडून आलं असेल?"

हा प्रश्न तिनं इतक्या सरळ विचारला की बाईंना त्यामागचं काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, आईकडून किंवा वडिलांकडून, वडील असतील तर गालाच्या आत कापसाची काडी फिरवून आणा, आमच्या अभ्यासात बसेल, पैसे लागत नाहीत. त्यांनी एक लांबट पाकीट दिलं. वडिलांच्यात नसलं तर आईकडून आलं, हा हिशेब समृद्धीनं जिन्यातच करून टाकला. आईकडून आलं असेल तर आईला जे झालं ते आईच्या रक्तातच होतं. मग आईला तिनं मारलं नव्हतं.

बस कल्याण-शीळ रस्त्याला लागली, आणि मेट्रोच्या खांबांपाशी नेहमीसारखी रांगली. समृद्धीला खिडकीची जागा मिळाली होती. पाकीट पर्समध्ये होतं आणि पर्स मांडीवर, पण मांडीला त्याचा भार कळत नव्हता. असं बऱ्याच दिवसांपासून होतं. अंगावर एक गोधडी कायमची घातल्यासारखं, आतून सगळं ऐकू यायचं पण पोचायचं नाही. कोर्टात त्याचा उपयोग व्हायचा. सुनेला जाळल्याची साक्ष असो की बांधावरच्या कोयत्याची, तिची पेन्सिल एका चालीत पळायची, शेजारचे सहकारी म्हणायचे, भोईर मॅडमना काही लागतच नाही बघ. आणि इकडे डॉक्टर म्हणतात, जास्त लागतं. दोन्ही खरं असेल. दार जोरात वाजलं की माणूस कान बंद करून घेतो, पण भिंतीला हादरा बसायचा तो बसतोच. तिच्या भिंतींना बसत होता. पस्तिशीच्या आत दाब, पोटाचा घेर, उपाशीपोटी साखर काठावर. सासूबाई नीलाताई आधी कौतुकानं म्हणायच्या, "लग्न मानवलं हो हिला, खाल्लेलं अंगाला लागतंय." मग कौतुक गेलं आणि वाक्य तेवढं राहिलं. अपूर्व, तिचा नवरा, सकाळी चालायला जाताना रोज म्हणायचा, "तू टेन्शन घेऊ नकोस ना." जणू टेन्शन बाजारात मिळतं, आणि ती पिशवी भरून घेऊन येते.

घेत नव्हती ती. लागत होतं. ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते, जीव लागतो. आपल्या भाषेत माणसाला जे काही होतं ते बाहेरून येऊन लागूनच होतं, हे तिच्या आईला शाळेत न जाता ठाऊक होतं.

तिची आई बायजा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी जिचा शब्द चालतो ती बाई. हळदीपासून वरातीपर्यंत देवांना बोलावायचं, उंबऱ्याला, मुसळाला, नवरीच्या मामाला, सगळ्यांना गाण्यातून जागं करायचं, आणि नवरीला घरातून सोडवून द्यायचं, हे तिचं काम. पंचक्रोशीतल्या किती पोरींना तिनं गाऊन सोडवलं होतं. माहेर खाडीकाठचं, मिठागरांतलं, म्हणून तिच्या धवल्यांत, त्या लग्नगाण्यांत, नदीविहिरीपेक्षा खारं पाणी जास्त. कामं करता करता ती स्वतःशी जुळवायची:

खाऱ्या पान्याला गो, ऊन लागलं लागलं
तवा कुठं आगरान, मीठ जागलं जागलं

समृद्धी लहान असताना तांदूळ निवडणाऱ्या आईच्या मांडीला टेकून हे ऐकायची. तिचं नाव समृद्धी ठेवलं, कारण ती झाली त्या वर्षी बापानं पहिली जमीन विकली होती. शेत जाऊन चाळ आली, चाळ जाऊन इमारत. आईचा आवाज मात्र तोच राहिला, जात्यावरून उतरून टाइल्सवर आला एवढंच. टाइल्सवर तो जरा जास्त घुमायचा.

आणि स्वतःच्या पोरीला तिनं सोडवलं नाही. समृद्धीनं फडके रोडवरच्या कारखानीसांच्या अपूर्वशी रजिस्टर लग्न केलं, कोर्टाच्याच आवारात. आदल्या दिवशी तिनं फोन केला होता. "आये, येशील ना गो?" पलीकडे आई काही बोलली नाही. मागे मिक्सरचा आवाज होता. मग फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, पेढे झाले, जिन्याकडे बघून बघून समृद्धीची मान दुखली, कुणी आलं नाही. वर्ष भरायच्या आत बायजा मोरीत पडली, डोक्यात शीर फुटली, दाब कधीचा वाढला होता. बाराव्याला समृद्धी गेली तेव्हा आत्या सगळ्या बायांच्या मधोमध, तांदूळ पाखडतात तसं सावकाश बोलली, "बीपी नं फीपी. पोरीचं लागलं तिला. लोकाच्या पोरी गाऊन धाडल्या, न आपली ती न सांगता गेली." समृद्धीनं ते ऐकलं. रडली नाही. तेव्हापासूनच ती गोधडी.

ते वाक्य तिनं मनातल्या मनात किती वेळा टंकलं असेल. आरोपी क्रमांक एक. वाक्य एवढंच, पण त्याची उलटतपासणी कुणी घेत नव्हतं. अपूर्व म्हणायचा, "अगं, हेमरेज मनाला लागून होत नाही." त्याच्या सांगण्यात सायन्स होतं, माया पण होती. पण तो आत्याच्या भाषेतलं वाक्य खोडायला दुसऱ्याच भाषेतून आला होता. असं खोडलं जात नाही. आता त्याच भाषेतून उत्तर यायची वेळ आली होती. तेच क्रियापद. आईला लागलं, कारण आईची जागाच तशी होती.

रविवारी ती मानपाड्याला गेली. खाली गाळे भाड्यानं दिलेले, वर राहतं घर, जिन्याच्या तोंडाशी संगमरवरी मोर. हवेत एमआयडीसीचा तो गोडसर, सडक्या केळ्यासारखा वास होता, ज्याला बाहेरचे नाक धरतात आणि गावातले म्हणतात, आज वारा खालचा हाय. बाबा ओटीवर झोपाळ्यात बसून भिंतीवरच्या टीव्हीत सीसीटीव्ही बघत होते. गणू भोईरांना मालिकांची गोडी नव्हती. आपल्याच गाळ्यांपुढची माणसं जाता-येता बघत बसायचं, ही त्यांची करमणूक. त्यात कुत्रं आलं की ते हसायचे.

"आयलीस?" ते म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले. बाबा आधीपासूनच कमी बोलायचे. आई गेल्यावर तेवढंही उरलं नाही. त्यांना काही लागतं की नाही, असा प्रश्न समृद्धीला कधी पडलाच नव्हता. घरातल्या खांबाला कुणी तब्येत विचारत नाही.

तिनं पाकीट काढून काडीचं सांगितलं, तसा आतून भाऊ विकी चहाचा कप घेऊन बाहेर आला. गळ्यात जाड साखळी, कपाळावर गॉगल.

"डीएनए?" तो म्हणाला. "ताई, येडा समजतेस कं? कोर्टात कामाला तू, बापाचा डीएनए नेतेस, न उद्या वारसाची केस टाकतेस."

"माझ्या बीपीचं आहे रे ते."

"बीपीचा डीएनए? भाई, क्या बात है! हक्कसोडपत्रावं सही करून दोन वर्सं नाय झाली, तवर बहिनीला बीपी आयला."

आत्या स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "कापसान काय काय पुसून नेतात हल्ली, कोनाला ठावं. तोंडानला नेलं न सातबाऱ्यावं लावलं तर?"

समृद्धी हसली. हसू आलं म्हणून नव्हे, अशा ठिकाणी हसतात हे आठवलं म्हणून. तिला वाटलं आता पाकीट परत पर्समध्ये ठेवावं. पण बाबांनी झोपाळा पायानं थांबवला.

"पोर म्हनते तोंड उघड," ते विकीला म्हणाले. "तोंडान काय सोना हाय माझे? नेऊ दे."

आणि त्यांनी तोंड उघडलं. डोळे मिटून, मान मागे टाकून, शाळेत गोळी देतात तेव्हा लहान पोरं उघडतात तसं. मिश्रीनं काळे झालेले दात, मागच्या दाढांच्या रिकाम्या जागा, तंबाखूचा कडूशार वास. समृद्धीनं काडी गालाच्या आत फिरवली. गाल इतका पातळ होता की बाहेरून तिच्या बोटाला काडी कळली. बापाच्या इतक्या जवळ ती कधी आली होती, तिला आठवेना. आगऱ्यांत बाप पोरीला मोठी झाल्यावर हात लावत नाही. तिनं काडी नळीत घातली आणि टोपण घट्ट केलं. बाबांनी तोंड मिटून ओठ पुसले आणि विचारलं, "याच्यान काय कलनार?"

"हे आईकडून आलं की तुमच्याकडून."

"काय?"

तिला शब्द सापडला नाही, म्हणून तिनं डॉक्टरांचाच घेतला. "जास्त लागायचं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. पडद्यावर एक कुत्रं आलं होतं, पण ते हसले नाहीत.

मग दिवस गेले. कसे गेले हे सांगता येत नाही, कारण गोधडीतल्या माणसाचे दिवस सगळे एका रंगाचे असतात. कोर्टात एका खटल्याचा निकाल लागला. साहेब सांगत गेले, ती लिहीत गेली: पुराव्याअभावी, संशयाचा फायदा देऊन, निर्दोष मुक्तता. सुटलेला माणूस पिंजऱ्यातून खाली उतरला तरी त्याचं तोंड तसंच होतं. त्याला सोडलं होतं, पण त्यानं काही केलं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. समृद्धीला पहिल्यांदा वाटलं, या दोन गोष्टींतलं अंतर मोठं आहे, आणि आपण त्या अंतरातच राहतो.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा तिनं मनाशी निकाल आधीच लिहून ठेवला होता. बाबांच्यात नसणार. दगडाला काय लागतं?

"वडिलांच्यात आहे," आसावरीबाई म्हणाल्या. "तेच अक्षर. तुम्हाला बहुतेक त्यांच्याकडूनच आलंय."

"आणि आईच्यात?"

"ते नाही सांगता येणार. असेल, नसेल. त्यांचा नमुनाच नाही ना."

 मग तिनं तिथं कधी न बोललेली गोष्ट बोलली. आई कशी गेली, आत्या काय म्हणाली. आणि सरळ विचारलं, "माझ्यामुळे गेली का?" बाईंनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. "हे बघा, मी खोटा दिलासा देणार नाही. समजा आईत हे असतं, तरी जनुक एवढंच सांगतं की आवाज किती मोठा ऐकू येईल. कोण काय बोललं, ते त्यात लिहिलेलं नसतं. बरं, वाढलेला दाब, औषध न घेणं, वय, मीठ, शंभर गोष्टी असतात. एका माणसाच्या नावावर नाही टाकता येत ते. आणि एका माणसाच्या नावावरून पुसताही येत नाही." मग त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं मी काय सांगू? वडील आहेत ना? त्यांचा दाब बघितलाय कधी कुणी?"

कुणीच बघितला नव्हता.

त्या आठवड्यात विकीनं बाबांना काळ्या गाडीतून ठाण्याला आणलं, आणि स्वतः पार्किंग शोधत राहिला. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, लग्नाला घालतात तो. दवाखान्यात यायचं म्हणजे चारचौघांत यायचं. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बघितला. "बाबा, फार आहे हो हे. पाच मिनिटं शांत बसा, परत घेऊया. बोलायचं नाही." आणि ती पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटकडे गेली. बाबा भिंतीला टेकून बसले. दंडावर रिकामा पट्टा लोंबत होता. समृद्धी शेजारच्या स्टुलावर होती. तिला त्यांच्या कानशिलावरची शीर दिसली. ती टिचटिच उडत होती, कातडीखाली कुणी अडकल्यासारखी. हा माणूस सगळं ऐकत होता, तिच्या एकदम लक्षात आलं. झोपाळ्यावर बसून, पडद्यावरच्या मुक्या माणसांकडे बघत, आवाज नसलेलीच चित्रं निवडून निवडून बघत. बाराव्याच्या दिवशी आत्या बोलली तेव्हा तो दाराबाहेरच तर होता.

"बोलू नका म्हणाली ती," समृद्धीनं आधीच सांगितलं, कारण बाबांचे ओठ हलले होते.

"यकच ईचारतंय." त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग खाली. "त्या कागदान लिवलंय काय, तुझे आईला कोनाचं लागलं?"

 तिला वाटलं, ते तिच्याबद्दल विचारताहेत. सहा वर्षांनी शेवटी विचारताहेत.

"ती त्या दिवशी नेसली व्हती," बाबा म्हणाले. "तुझे लग्नाला. हिरवा लुगडा. ओटी भरून घेतली पिशवीन, नारल बिरल. मी उंबऱ्यावं आडवा झायलो. बोललो, गेलीस तर मांगारी येव नुको. ती काय बोलली नाय. लुगडा सोडला, घडी केली. न मंग वर्सभर गायलीच नाय." त्यांनी दंडावरचा पट्टा चाचपला. "माझा नाव हाय काय त्या कागदान?"

समृद्धी ऐकत होती. ऐकलेलं या वेळी कागदावर उतरून गेलं नाही, आतच थांबलं. हिरवं लुगडं. पिशवीतला नारळ. आई निघाली होती. जिन्याकडे बघून जिची मान दुखली तिला सोडवायला ती निघाली होती, आणि मिक्सरच्या आवाजामागे तेव्हाच कुठंतरी ठरवत होती कुठलं लुगडं नेसायचं. समृद्धीला आत कुठंतरी फार खोल दुखलं, दाबलेला पाय मोकळा झाल्यावर आधी मुंग्या येतात तसं. तिला बाबांचा राग यायला हवा होता. तो येऊन दारात उभाही राहिला. पण बाबा तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होते. या माणसानं ते वाक्य एकट्यानं टंकून टंकून ठेवलं होतं. त्याच्या प्रतीवर आरोपीचं नाव वेगळं होतं, एवढाच काय तो फरक.

"नाय, बाबा," ती म्हणाली. मानपाड्याची बोली तिच्या तोंडात किती दिवसांनी आली. "तुमचा नाव नाय त्याच्यान."

"खरा?"

"कोर्टान कामाला हाय मी. खोटा कशी बोलीन?"

पडद्यामागून नर्स ओरडली, "ओ बाबा, बोलू नका म्हटलं ना!" आली, पट्टा नीट केला, बटण दाबलं. पट्टा दंडावर फुगत गेला. आकडे चढले, चढले, आणि जवळजवळ होते तिथंच येऊन थांबले. एका शब्दानं उतरेल एवढं थोडं ते साठलेलं नव्हतं. नर्स गोळ्या लागतील म्हणत बाईंना बोलवायला गेली. बाबांनी सदऱ्याची बाही खाली घेतली, बटण लावायला त्यांना जमेना, म्हणून समृद्धीनं लावलं.

"न तुझा?" ते बटणाकडे बघत म्हणाले.

"माझं काय?"

"तुझा नाव हाय काय?"

 कागदात तिचं नाव होतं, सगळ्यात वर, ठळक अक्षरात, पण ते पेशंट म्हणून. बाकी कुणी तिला अजून काही लिहून दिलं नव्हतं.

"आत्या बोलली त्या दिवशी, मी आयकला व्हता," बाबा म्हणाले. "तवाच बोलाया पायजे व्हता मी. आता सांगतंय. तुझा बी नाय. लिव तसा."